मल्चिंग पेपर काढल्यावर टाकायचा कुठं? ते दिल्लीतलं प्लास्टिक पॅक्ट, ईपीआर वगैरे आपल्या बांधापर्यंत येतं का?

ढोबळीवाला वाळवा

राम राम मंडळी. जरा लांबडं लिहितोय, वाचा.

आमच्याकडं वाळवा तालुक्यात ढोबळी, टोमॅटो, कलिंगड सगळं आता मल्चिंगवरच आहे, म्हणजे बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा पातळ कागद. तण येत नाही, पाणी कमी लागतं, मजूर वाचतो, सगळं मान्य. पण प्लॉट संपल्यावर तो पेपर काढून ठेवायचा कुठं हे दुकानदार सांगत नाही, कंपनीवाला सांगत नाही आणि कृषी सहायक तर अनुदानाच्या फोटोपुरताच येतो. बायका लावून ओढून काढला तर निम्मा फाटून मातीतच राहतो, रोटर मारला की त्याच्या चिंध्या होऊन रानभर पसरतात. जो निघतो त्याचे गोळे करून बांधाला टाकायचे आणि मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी काडी लावणार. काडी नाही लावली तर पहिल्या वळवात ओढ्याला आणि ओढ्यातनं कृष्णेला. पूर ओसरला की आमच्या ओढ्यावरच्या पुलाचा कठडा जाऊन बघा, काळ्या-चंदेरी पट्ट्या लोंबत असतात नुसत्या.

भंगारवाला ठिबकच्या जुन्या लॅटरल हसत नेतो, पीव्हीसी पाइप नेतो, औषधाचे कॅनपण नेतो. मल्चिंग म्हटलं की टेम्पोला स्टार्टर.

मागं आमच्या शेतकरी कंपनीच्या मीटिंगला पुण्याहून एक साहेब आले होते, पडद्यावर गोल गोल बाण दाखवून सर्क्युलर इकॉनॉमी, नॅशनल पार्टनरशिप, 2030 पर्यंत इतकं आणि तितकं. मी उठून विचारलं साहेब यात आमचा मल्चिंग पेपर कुठल्या बाणात बसतो? म्हणाले फार चांगला प्रश्न आहे. आणि चहा आला.

तर कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा. देशपातळीवर जे करार चाललेत त्यात शेतातलं प्लास्टिक धरलंय का नाही, आणि सांगली मिरज भागात हा पेपर घेणारं कुणी आहे का. फुकट न्या म्हटलं तरी चालेल.

कागदपत्र सातारा

दादा, मी कंपन्यांची प्रदूषण मंडळाची आणि ईपीआरची कागदं करतो, त्यामुळं यातलं थोडं सांगू शकतो. तुमचे साहेब ज्याबद्दल बोलले त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची कायम खिचडी करतात.

एक आहे इंडिया प्लास्टिक्स पॅक्ट. सप्टेंबर 2021 मध्ये सीआयआय ही उद्योगांची संघटना आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया ही निसर्ग जपणारी संस्था यांनी मिळून सुरू केला, आशियातला असा पहिलाच. त्यात कंपन्यांनी आपणहून सही करायची. 2030 पर्यंत सगळं प्लास्टिक पॅकेजिंग परत वापरता येईल किंवा रिसायकल होईल असं करायचं, त्यातलं 50 टक्के प्रत्यक्षात रिसायकल व्हायला पाहिजे, नव्या पॅकेजिंगमध्ये सरासरी 25 टक्के जुना माल घालायचा, असली उद्दिष्टं आहेत. चांगली आहेत, पण सही न करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

दुसरा आहे ईपीआर, म्हणजे माल विकणाऱ्यावर त्याच्या कचऱ्याची जबाबदारी, तो कायदा आहे. 16 फेब्रुवारी 2022 ची अधिसूचना. जो प्लास्टिकमध्ये माल भरून विकतो त्यानं तेवढं प्लास्टिक परत गोळा करून रिसायकल केल्याचा हिशोब सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर दाखवायचा, स्वतःला जमत नसेल तर रिसायकलरकडनं सर्टिफिकेट विकत घ्यायचं. 2025-26 पासून तर कडक डबे-बाटल्यांत 30 टक्के रिसायकल माल घालायचं बंधन आहे, ते वाढत वाढत 60 वर जाणार.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन्हीकडं सगळा हिशोब पॅकेजिंगचा आहे. औषधाची बाटली पॅकेजिंग आहे, खताची गोणी आहे, बियाण्याचं पाकीट आहे. मल्चिंग पेपरमध्ये दुसरा कुठला माल भरून येत नाही, तो स्वतःच माल आहे. म्हणजे तुमच्या एकाच बांधावर पडलेल्या ढिगातला अर्धा कचरा दिल्लीच्या हिशोबात आहे आणि अर्धा नाही. भंगारवाला कॅन नेतो आणि पेपर नेत नाही यात त्याचंही तेच गणित आहे बघा, कॅनला पुढं गिऱ्हाईक आहे.

संशयात्मा

हे सगळं हॉटेलात बसून करायचे उद्योग आहेत. 2018 ला महाराष्ट्रात प्लास्टिक बंदी आली, 5 हजार दंड, दुसऱ्यांदा 10, तिसऱ्यांदा 25 हजार आणि जेल. महिनाभर लोक कापडी पिशव्या घेऊन मंडईत, नंतर जैसे थे. दुधाच्या पिशवीला 50 पैसे परत मिळणार होते, मिळाले का कुणाला? सर्टिफिकेटचं म्हणाल तर सीपीसीबीनंच तपासणी केली तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या रिसायकलरांची लाखो सर्टिफिकेटं बनावट निघाली. प्लास्टिक न उचलता उचलल्याचा कागद. आणि जगाचं विचाराल तर ऑगस्ट 2025 ला जिनिव्हात सगळे देश प्लास्टिकच्या करारासाठी बसले, करार न करताच उठले.

तुमच्या ओढ्यातला पेपर तुम्हालाच काढायचाय भाऊ.

मिरजेचा दाणावाला

संशयात्मा तुमचं सगळं खरं आहे पण पेपर का उचलला जात नाही याला जिनिव्हा कारण नाही, माती कारण आहे. मी जुनं प्लास्टिक वितळवून दाणा बनवतो, एलडी (पातळ पिशवीचं मऊ प्लास्टिक) आणि लॅटरलचा, त्यामुळं सांगतो नीट वाचा.

आधी हिशोब धरा. 25 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 4 फुटी पेपर, 400 मीटरचं एक बंडल, वजन भरतं 11 किलोच्या आसपास. पाच फुटी बेड असेल तर एकराला साडेसहा-सात बंडलं लागतात, म्हणजे नवा पेपर एकरी सत्तर-पंचाहत्तर किलो. बरोबर? आता तोच पेपर तुम्ही काढून माझ्या गेटवर आणता तेव्हा काट्यावर दीडशे, कधी त्याच्याही पुढं भरतो. वरचं सगळं वजन म्हणजे माती, ढोबळीची खोडं, सुतळी आणि दव. मी ते मालाच्या भावानं कसं घेऊ? आणि घेतलं तरी माती मशीनमध्ये गेली की जाळी तुंबते, तासाला जाळी बदला, लाइन थांबवा, आणि आपल्या काळ्या मातीत बारीक खर असते ती स्क्रू खाऊन टाकते. स्क्रू-बॅरलचा खर्च ऐकाल तर द्राक्षबाग छाटल्यासारखं होईल.

धुवायचं म्हटलं तर वॉशिंग लाइन, तिला पाणी, त्या पाण्याची गाळाची टाकी, बोर्डाची परवानगी. तरी मी धुतलंय. धुवून वाळवून अ‍ॅग्लो मारून (म्हणजे मशीनमध्ये गरम करून गोळी करून) दाणा काढला तर तो दाणा मऊ, कारण पेपरनं चार-पाच महिने ऊन खाल्लंय, त्यातली ताकद गेलेली असते. त्याची नुसती पिशवी होत नाही, पिशवीसाठी मशीनवर हवेनं फुगवायचा फुगाच फाटतो. लॅटरलच्या चांगल्या दाण्यात थोडा मिसळून काळा पाइप किंवा कचऱ्याची जाड बॅग, एवढंच. त्यात स्क्रॅपवरचा जीएसटी ऑक्टोबर 2021 ला 5 चा 18 केला, मग निम्मा बाजार बिनबिलाचा झाला आणि बिल करणारा मरतो. एक हिशोब मात्र कुणी करत नाही, तो म्हणजे मायक्रॉनचा. केंद्राच्या नियमात बाजारातली पिशवी 120 मायक्रॉनच्या खाली चालत नाही, का, तर पातळ असली की कुणी उचलत नाही. आणि रानात अंथरायला 25 मायक्रॉनला अनुदान आहे! तीन-चार महिन्यांच्या पिकाला 25, वर्षाच्या पिकाला 50 असा निकषच आहे. 50 चा पेपर असता तर तो सलग निघाला असता, फाटला नसता आणि मीच तुमच्याकडं टेम्पो पाठवला असता. पण 50 चा घेतला तर बंडलाला दुप्पट प्लास्टिक आणि जवळपास दुप्पट पैसे, तो शेतकरी का घेईल? त्याला स्वस्तातला पाहिजे, दुकानात तर 25 म्हणून 20 चा पण खपतो, वजन करून बघत जा.

ग्रामपंचायत (नाव नको)

नोकरीत आहे म्हणून नाव लिहीत नाही. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला एक प्लास्टिक युनिट आहे, 16 लाखांपर्यंत निधी. शेड, श्रेडर, दाबून गठ्ठे करायचं मशीन, असं. गावांनी प्लास्टिक गोळा करून तिथं द्यायचं. कागदावर छान आहे. आमच्याकडं एकदा एका शेतकऱ्यानं ट्रॉलीभर मल्चिंग आणून ओतलं, पोरांनी श्रेडरला घातलं, ते पात्याला असं गुंडाळलं की इलेक्ट्रिक मोटर बंद करून विळ्यानं कापत बसले दिवसभर. तेव्हापासून गेटवरच सांगतात, मल्चिंग घेणार नाही.

जाळण्याबद्दल मात्र सांगतो, हरित लवादाचा 2016 चा आदेश आहे, उघड्यावर कचरा जाळला तर 5 हजार, मोठ्या प्रमाणावर असेल तर 25 हजार. आता गावात कोण कुणाची पावती फाडणार ते तुम्हीच सांगा. सरपंचांच्या चुलत्याच्या बांधावर पण धूर निघतो.

रिसायकल होत नाही त्याला एक वाट आहे, सिमेंट कारखान्याची भट्टी. तिथं 1400 अंशाच्या पुढं तापमान असतं, प्लास्टिक कोळशाऐवजी जळतं. आपल्याला जवळ म्हणजे कर्नाटकातला बागलकोट-गुलबर्गा पट्टा. पण त्यांना पण कोरडा माल पाहिजे, माती नको, आणि ट्रकभर पाहिजे. भाडं कोण देणार इथं गाडी अडते. आणि हो, कुणीतरी साखर कारखान्याच्या बॉयलरला टाका म्हणेल, ते करू नका, त्या तापमानाला विषारी धूर निघतो, तसं करायला परवानगी नाही.

भिलारची ताई

आमच्या महाबळेश्वर-जावळी भागात स्ट्रॉबेरी सगळी मल्चिंगवर. पूर्वी बेडवर गवत, पेंढा अंथरायचे, माझ्या सासूबाई अजून सांगतात. आता फळ मातीला लागलं की व्यापारी घेत नाही म्हणून पेपर.

आमच्या गटानं एक गोष्ट बसवलीय ती सांगते, फार मोठी नाही. पेपर काढायचा तो एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधीच, रान कडक वाळलेलं असताना. आधी झाडं बुडातनं कापून घ्यायची, दोन दिवस ऊन द्यायचं, मग बेडच्या दोन्ही कडांची माती कुदळीनं मोकळी करायची, आणि मग एका टोकाकडनं दोघींनी पेपर उचलून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळत जायचं, तिसरी बाई पुढं काठीनं झटकत. ओढायचा नाही, गुंडाळायचा. असा काढला की मातीपण बरीच खाली पडते आणि रोल होतो, गोळा होत नाही. ओला पेपर ओढून काढला की संपलं, तो चिखल घेऊनच येतो. दाणावाले काका, असे रोल आणले तर घ्याल का ते सांगा, कारण आमच्याकडं अजून ते शेडमध्ये पडूनच आहेत, न्यायला कुणी नाही. एवढी मेहनत करून शेवटी शेडमध्येच ढीग.

आणि काढायची मजुरी धराच, ती अंथरण्यापेक्षा जास्त लागते. अंथरायला ट्रॅक्टरचं यंत्र आहे, काढायला बायका. हेक्टरी 32 हजार खर्च धरून निम्मे 16 हजार अनुदान मिळायचे ते पेपर अंथरायचे, काढायला एक रुपया कुणी दिला नाही.

मिरजेचा दाणावाला

ताई असे रोल असतील तर घेतो. झाडाचा काडीकचरा नको आणि हाताला ओलं लागायला नको. भाव लॅटरलचा मिळणार नाही, आधीच सांगतो. पण सातारा जिल्ह्यातनं मिरजेपर्यंत दोन-तीनशे किलोसाठी गाडी परवडत नाही, टनात बोला.

कागदपत्र सातारा

ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. मंडळी, हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ब्राझीलमध्ये ऊस, सोयाबीन आपल्या कैकपट, तिथं औषधाच्या डब्यांचा असाच डोंगर झाला होता. 2000 साली त्यांनी कायदा केला आणि कामं वाटून टाकली. शेतकऱ्यानं डबा तीनदा विसळायचा आणि वर्षाच्या आत परत द्यायचा. दुकानदारानं बिलावरच छापायचं की रिकामा डबा अमुक ठिकाणी द्या. तिथनं पुढं उचलून नेणं, रिसायकल करणं किंवा जाळून नष्ट करणं कंपन्यांनी. सगळ्या कंपन्यांनी मिळून त्यासाठी इनपेव नावाची एकच संस्था काढली. आज तिथं औषधाच्या थेट संपर्कातले 90 टक्क्यांहून जास्त डबे परत येतात.

आयर्लंडमध्ये मुरघासाच्या प्लास्टिकचं असंच आहे, 1997 पासून. विकतानाच कंपनीकडनं रोलमागं पैसे जमा होतात, आणि उचलताना शेतकऱ्याकडनं वजनावर थोडे घेतात. वजनावर घेतल्यामुळं शेतकरी माती झटकूनच आणतो, कारण मातीचे पैसे त्यालाच पडतात! दाणावाल्यांची अडचण तिथं अशी सुटली.

माझं मत विचाराल तर राष्ट्रीय भागीदारी म्हणजे हे असलं पाहिजे, बिलावर पत्ता छापलेला. आपल्या पॅक्टमध्ये बिस्किट, शाम्पू, कोल्ड्रिंक विकणारे बसलेत, ते त्यांच्या पाकिटाचं बघणार. मल्चिंग बनवणारे त्या टेबलावर नाहीत, कृषी खातं नाही, कृषी सेवा केंद्रवाले नाहीत. मग बाणात बसणार कसा?

संशयात्मा

ब्राझीलचं ब्राझीलमध्ये. आपल्याकडं केंद्रवाला बिलच देत नाही, त्यावर पत्ता कुठं छापणार.

(हे मात्र मानतो की केदारनाथला पाण्याच्या बाटलीला 10 रुपये डिपॉझिट घेतात, क्यूआर कोड लावून, आणि बाटली दिली की पैसे परत देतात. स्वतः घेतलेत. म्हणजे पैसा हातात पडला की लोक उचलतात.)

बेदाणा तासगाव

विषय मल्चिंगचा चाललाय पण आमच्याकडचं पण घ्या त्यात. बेदाणा शेडची हिरवी नेट, द्राक्षावर घालायचा प्लास्टिक कागद, हे सगळं तीन-चार वर्षांत ऊन खाऊन चुरा होतं. नेट तर हातात घेतली की भुगा, तो भुगा बेदाण्यात पडू नये म्हणून आम्ही बदलतो, आणि जुनी टाकतो नाल्याला. खोटं कशाला सांगू. नेट घेतं का कुणी?

आणि ज्यांच्याकडं ऊस आहे त्यांनी पाचट का वापरत नाही भाजीला? आमचा मेहुणा आष्ट्याकडं मिरचीत पाचट अंथरतो, तण दबतं, काढायचं टेन्शन नाही, तिथंच कुजतं. वाळवी लागते, पहिल्या पाण्याला थोडं नत्र जास्त टाकावं लागतं एवढंच. सगळ्या पिकाला जमणार नाही हे मान्य, कलिंगडाला पेपरच लागतो.

मिरजेचा दाणावाला

नेट अजून धडधाकट असेल तर घेतो, ती एचडी आहे, म्हणजे कडक जातीचं प्लास्टिक. भुगा झाल्यावर आणू नका. तार, सुतळी, क्लिपा काढून आणा.

ढोबळीवाला वाळवा

लई माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. संशयात्मा तुमचे पण, तुम्ही बोलता म्हणून दुसरे लिहितात.

आता मी असं ठरवतोय. आमच्या शेतकरी कंपनीत साडेतीनशे सभासद, त्यातले निम्मे तरी मल्चिंगवाले. पेपर आम्ही एकगठ्ठा मागवतो, त्यामुळं कंपनीशी बोलायला आमच्या हातात थोडं आहे. पुढच्या ऑर्डरला अट घालायची, पेपर 30 मायक्रॉनच्या खाली नको आणि बंडल काट्यावर तपासून घेणार, 30 असेल तर 13 किलोला थोडं वर भरलं पाहिजे. सभासदाला पेपर देतानाच बंडलामागं थोडे पैसे अनामत धरायचे, भिलारच्या ताईंच्या पद्धतीनं रोल करून गोदामाला आणला की परत, गोळा करून आणला तर नाही. जमलेल्या पैशातनं गाडीचं भाडं. सगळे रोल एकदम मिरजेला.

एकच अडतंय. सभासद म्हणणार बाहेरच्या दुकानात अनामत नाही, तिथनं घेतो. मग आमचाच धंदा जातो. कागदपत्रवाले दादा, यावर काही आहे का? म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या दुकानांना लागू होईल असं?

कागदपत्र सातारा

आज तरी नाही. अनुदानाला जोडता येईल का ते बघा. पुढच्या हंगामाचं अनुदान द्यायचं तर मागच्या पेपरची जमा पावती दाखवा, एवढी एक अट राज्याच्या कृषी खात्यानं घातली तर दुकान कुठलंही असू दे, पेपर परत येईल. निवेदनाचा मसुदा मी करून देतो, तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर आणि ताईंच्या गटाच्या सहीनं गेला तर दोन जिल्ह्यांचं होईल. मेसेज करा.

भिलारची ताई

सही देतो आम्ही. पण त्यात काढायच्या मजुरीचं पण लिहा बरं का, नाहीतर पुन्हा पेपरावर पेपर.

मिरजेचा दाणावाला

जमा पावती द्यायला मी तयार आहे, खोटी मात्र मागू नका कुणी. ढोबळीवाले, तुमचा पहिला लॉट यायच्या आधी दोन रोल सँपल म्हणून पाठवा, धुवून घट किती येते ते बघतो आणि मग भाव सांगतो. पावसाच्या आधी.